तंबूबाहेरची काठी

टोक्तोसूननं उभी हयात बिश्केकच्या बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या. आपल्या आवाजाच्या धाकानं गाड्या वेळेवर सुटतात, असं त्याचं मत होतं. गाड्यांचं मत कुणी विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर आम्ही त्याला वस्तीचा प्रमुख केला, कारण त्या दिवशी सभेला दुसरं कुणी आलंच नव्हतं. हे तो स्वतःच हसत हसत सांगायचा.

यंदा नगरपालिकेनं ठरवलं की उघड्यावर झोपणाऱ्यांची हिवाळ्यातली सोय शहरानं आणि वस्त्यांनी मिळून करायची. शेगडी, कोळसा आणि डॉक्टर शहराचे, जागा आणि रोजचं जेवण वस्तीचं. टोक्तोसून नगरपालिकेच्या बैठकीतच उभा राहून म्हणाला, "अख्खी वस्ती माझ्या पाठीशी आहे!" टाळ्या पडल्या. वस्तीला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

वस्तीच्या सभेत त्यानं असं भाषण ठोकलं, की त्याचं त्यालाच भरून आलं. मग वरच्या मजल्यावरची झुमागुल बोलली. तिच्या शब्दाबाहेर आमच्याकडे मांजरसुद्धा जात नाही.

"बाइके, थोरल्या भावाच्या जागी मानते तुम्हाला, म्हणून स्पष्ट बोलते. ती काही आपली माणसं नाहीत. शहराचं काम शहरानं करावं."

झालं, सभा संपली. आता नगरपालिकेची आयझादा पाहणीला येणार होती. वस्ती सोबत दिसली नाही तर शेगडी दुसरीकडे जाणार आणि ईसाबेक पुन्हा पाइपांवर. हा ईसाबेक मूळचा गवंडी. आमच्याच इमारतींमागे गरम पाण्याचे जाड पाइप जातात, त्यांना बिलगून तो झोपायचा. यंदाची थंडी हाडं फोडणारी होती.

"वस्ती गेली उडत," टोक्तोसून बायकोला म्हणाला. "मी एकटा करतो."

"तुम्हाला एकट्याला लोणच्याची बरणी उघडत नाही," बुरमा म्हणाली.

वस्तीनं वर्गणी काढून घेतलेला लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू तळघरात पडून होता. टोक्तोसून आणि ईसाबेकनं मिळून तो इमारतींच्या मधल्या जागेत उभा केला. शेवटचा वासा नेमका टोक्तोसूनच्या पायावर पडला. ईसाबेक दमून आत आडवा झाला आणि थंडी वाजते म्हणून त्यानं रजई डोक्यावरून ओढून घेतली. टोक्तोसून दाराबाहेर काठीवर रेलून "आई गं, मेलो गं" करत उभा राहिला.

एवढा शहाणा माणूस, पण एक गोष्ट साफ विसरला. ऐन हिवाळ्यात आमच्या इमारतींमध्ये असा तंबू उभा राहतो तो एकाच कारणासाठी. आत प्रेत असतं, आणि दाराबाहेर घरचा पुरुष काठीवर रेलून रडत असतो.

पहिला धावला शेजारचा टॅक्सीवाला शेर्मत. "ओय, माझ्या काळजा रे!" असा हंबरडा फोडत तो टोक्तोसूनच्या गळ्यात पडला. टोक्तोसूनला वाटलं, भाषण उशिरा का होईना लागू पडलं. त्यालाही रडू फुटलं.

"कधी झालं हे?" शेर्मतनं विचारलं.

"आत्ताच. दुपारी."

"फार त्रास झाला का?"

"शेवटी शेवटी झाला. पण सुटलो बघ एकदाचा."

शेर्मत जरा चपापला. "असं बोलू नका, बाइके. बुरमा वहिनी फार मायेची होती."

"होती म्हणजे?"

तेवढ्यात बायकांचा घोळका आला. कुणाच्या हातात मटणाचं पातेलं, कुणाकडे कणकेचे नुकतेच तळलेले बोरसोक, आणि सगळ्यांच्या मागून डोक्याला रुमाल बांधत खुद्द बुरमा. तिला पाहून शेर्मत बर्फातच बसला.

झुमागुल सगळ्यांत आधी आत शिरली. रजईखालचा आकार पाहून तिनं गळा काढला. "ओय, माझ्या काळजा रे! आम्हाला टाकून कुठे रे निघालास?"

रजई हलली आणि ईसाबेक उठून बसला.

"कुठेच नाही," तो घाबरून म्हणाला.

मग जो आरडाओरडा झाला, तो स्थानकावरच्या भोंग्यालाही जमला नसता. झुमागुलचा जीव ठिकाणावर आला तशी ती कडाडली. "प्रेताच्या जागी जिवंत माणूस झोपवता? टोक्तोसून बाइके, जनाची नाही, मनाची तरी? उचला गं पातेली!"

नेमकी त्याच वेळी आयझादाची गाडी कोपऱ्यावर वळली. टोक्तोसूननं मनात कबूल केलं की आजवर कुठलीही गाडी वेळेवर आली नव्हती, आणि हीच आली.

"एजे," ईसाबेक हळूच म्हणाला, "ताई म्हणून एक मागू? गेल्या हिवाळ्यात पाइपावर माझ्याशेजारी काचिके गेला. गाडीत घालून नेला त्याला. त्याच्यासाठी तंबू नाही उभा राहिला, कुणी रडलंही नाही. मी एकटा रडलो, पण मला रीत कुठे येते? तुमचं सुरू झालंच होतं... तेवढं त्याच्या नावानं पुरं करता?"

झुमागुल पातेलं धरून तशीच उभी राहिली.

"कुठला होता?"

"नारिनकडचा."

"आई आहे?"

"आहे म्हणायचा. कुठे असते ते ठाऊक नाही. तिला कळवणार कोण?"

झुमागुलनं पातेलं ईसाबेकसमोर ठेवलं, रीतीप्रमाणे तंबूच्या भिंतीकडे तोंड करून बसली आणि काचिकेचं नाव घेऊन रडायला लागली. मघाशी ती मोठ्यानं रडत होती. आता ती खरी रडत होती. एकेक करून बाकीच्याही बसल्या.

आयझादा दाराशी आली. बाहेर ताटकळलेले पुरुष, वाफाळणारी पातेली आणि आतलं रडणं पाहून तिचा आवाज खाली आला. "कोण गेलं, बाइके?"

टोक्तोसूनकडे या प्रसंगासाठी जय्यत भाषण तयार होतं. त्यानं तोंड उघडलं. आवाजच फुटेना.

"आमचाच होता एक," आतून झुमागुल म्हणाली. "पोरी, थंडीत का उभी? आत ये, घास खाऊन जा. आणि शेगडी लवकर आण. उद्याचं जेवण शेर्मतच्या घरचं, परवाचं माझं. आणि बाइके, तुम्ही भाषण करू नका. काठी धरलीच आहे, तर रीतीनं रडा."

टोक्तोसूननं काठी घट्ट धरली आणि काळजापासून रडला. या वेळी पायाचा काही संबंध नव्हता.