खेळातले बाबा

बालवाडीतून आलेल्या मुलाची पिशवी उलटी केली की काय काय पडतं आणि त्यावरून घरात कशी बोलाचाली होते, हे तुम्हाआम्हाला नवीन नाही. खुर्चीवाल्यांच्या घरी त्या दुपारी पिशवीतून पडली मातीची एक वाळकी वेणी, कागदाच्या दोन पिवळ्या ज्योती आणि एक चिंधी. पाटी नाही, वही नाही, गिरवलेलं एक अक्षर नाही.

"बघ बाबा, बघ!" आक्का म्हणाली. ही खुर्चीवाल्यांची थोरली बहीण, पलीकडच्या गल्लीतून रोज येणारी. "माझ्या शेजारणीचा नातू हिच्याच वयाचा. शंभरपर्यंत आकडे लिहितो. आणि आपली भिंगरी? मातीचे पाव भाजते!"

खुर्चीवाले काही बोलले नाहीत. त्यांच्या तोंडात खिळे होते. जुने सोफे, खुर्च्या नव्यानं मढवून द्यायचा त्यांचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. बारीक खिळे ओठांत धरायचे, जिभेनं एकेक पुढे सारायचा, हातोडीच्या लोहचुंबकावर टिपायचा आणि ताणलेल्या कापडावर ठोकायचा. एक हात कापडाला मोकळा राहतो. बोलायची मात्र सोय उरत नाही. गेल्या वर्षी बायको आजारपणात गेली, तेव्हापासून त्यांना ती सोय नकोशीच झाली होती.

"साधा पाव नाही आत्या, शब्बाथचा वेणी घातलेला पाव," भिंगरी म्हणाली. "आज मी आई झाले होते."

हातोडी थेट अंगठ्यावर बसली. खिळे तळहातावर थुंकून खुर्चीवाले ओरडले, "बास! आई-आई खेळायचं नाही. अजिबात नाही! ती बालवाडीच बंद करतो तुझी!"

भिंगरी रडली नाही. खाली बसून तिनं एकेक वस्तू गोळा केली आणि पिशवीत परत भरली. ती रडली असती तर बरं झालं असतं.

हे कुटुंब यहुदी. शब्बाथ म्हणजे त्यांचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस, तो शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत हातातलं काम टाकायचं, घरातल्या बाईनं दोन दिवे लावायचे, डोळ्यांवर तळवे धरून आशीर्वादाचे शब्द म्हणायचे, मग बापानं मुलांच्या डोक्यावर हात ठेवायचा, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बायको गेली आणि दिवेही गेले. आता शुक्रवारची संध्याकाळ मंगळवारसारखीच झाली होती. दार लोटलेलं आणि आत ठोकठोक चाललेली.

पुढच्याच शुक्रवारी सकाळी खुर्चीवाले मुलीचं नाव काढायला गेले. प्रार्थनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत ती बालवाडी. तिथल्या बाई आता बऱ्याच म्हाताऱ्या झाल्या होत्या. गुडघे धरूनच उठायच्या.

"बसा," त्या म्हणाल्या. बसायला होती ती वीतभर उंचीची खुर्ची.

"उभाच बरा आहे. मोडली तर मलाच दुरुस्त करावी लागेल," खुर्चीवाले म्हणाले. पण हसले नाहीत. "बाई, पोरीला मोठ्या शाळेच्या शिशुवर्गात घालतोय. तिथे लिहायला तरी शिकवतात. खेळायला काय, गल्ली आहे."

"लिहायला शिकेलच ती. पण काहीतरी लिहावंसं वाटायला आधी मनात काही साठावं लागतं ना?"

"आणि तो आईचा खेळ? खपली काढता तुम्ही तिची!"

"मी कुणालाच आई हो, बाबा हो सांगत नाही. मुलंच ठरवतात," बाई शांतपणे म्हणाल्या. "आपल्यात रीतभात अशीच चालत आली. आधी मुलं ती खेळतात, अर्थ मागाहून कळतो. आणि मला सांगा, तुम्हाला दुःख झालं तर प्रार्थनेचं पुस्तक आहे, काम आहे, चार माणसं आहेत. एवढ्याशा पोरीकडे काय आहे? घरी आईचं नाव काढायची चोरी. मग तिनं आईला भेटायला जायचं कुठे?"

खुर्चीवाले अंगठ्याचं काळं पडलेलं नख चोळू लागले.

"आजचा खेळ तेवढा दारातून बघा. मग काढते नाव," बाई म्हणाल्या.

आतल्या खोलीत बुटक्या टेबलावर चादर अंथरली होती. लाकडाच्या दोन मेणबत्त्या, मातीचा पाव, कडेला दोन बाहुल्या. भिंगरीनं डोक्याला चिंधी बांधली होती. एक गुबगुबीत मुलगा बाबा झाला होता. तो मोठ्या ऐटीत बाहुल्यांच्या डोक्यावर हात ठेवायला निघाला.

"असं नाही," भिंगरीनं त्याला अडवलं.

"माझे बाबा असंच करतात."

"तुझे करत असतील. या घरातले बाबा तिकडे भिंतीकडे तोंड करून बसतात. आणि हे धर तोंडात." तिनं त्याच्या हातावर झाडूच्या तोडलेल्या काड्या ठेवल्या.

"शी! हे काय?"

"खिळे आहेत. म्हणून त्यांना बोलता येत नाही. ते रागावलेले नाहीयेत काही."

मुलानं काड्या ओठांत धरल्या आणि फुगलेल्या तोंडानं विचारलं, "मग मी बोलू कधी?"

"खिळे संपले की."

"कधी संपतात?"

भिंगरीनं विचार केला. "संपत नाहीत," ती म्हणाली.

मग तिनं लाकडी मेणबत्त्या खोट्याखोट्या पेटवल्या आणि डोळ्यांवर तळवे धरले. दुसऱ्या मुलींनीही धरले आणि लगेच काढले. भिंगरीचे हात निघेनात.

"उघड की गं, भूक लागलीय आम्हाला!" एक जण कुरकुरली.

"थांब ना. आई खूप वेळ धरायची. सगळ्यांसाठी मागायचं असतं." आणि तळव्यांआडून ती पुटपुटली, "बाबांचे खिळे संपू देत."

अरेरे! वर्षभर ज्या पोरीला आपण जपतोय असं तो बाप समजत होता, ती पोरच त्याला जपत होती! तो रागावलेला नाही, हे खेळातल्या त्या बाबाला सांगता सांगता ती साऱ्या जगाला समजावत होती. खुर्चीवाले दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. नाव काढायचं राहून गेलं.

त्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत दुकान बंद झालं. "तब्येत बरी आहे ना रे?" आक्कानं घाबरून विचारलं. खुर्चीवाल्यांनी दोन दिवे शोधून पुसले, लावले. भिंगरी शेजारी येऊन उभी राहिली. शब्द तिनंच म्हटले, बालवाडीत शिकलेले. मध्येच ती थांबली.

"आई असं नाही म्हणायची. तिची चाल वेगळी होती. कशी होती हो, बाबा?"

खुर्चीवाल्यांनी डोळे मिटले. कितीतरी शुक्रवार ती चाल त्यांच्या कानांवरून गेली होती. आता ओठांवर एक सूर येईना.

"मला नाही आठवत गं," ते म्हणाले.

"मला पण आता नाही आठवत," भिंगरी हळूच म्हणाली.

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद म्हणता म्हणता त्यांना हुंदका फुटला, आणि आक्काच्या देखत तो थोराड माणूस लहान पोरासारखा रडला. भिंगरीही रडली, वर्षभरात पहिल्यांदा. आकड्यांची गोष्ट आक्कानं पुन्हा काढली नाही.

ती चाल पुढेही कधी सापडली नाही. मधल्या वर्षात कुणी ती एकदा जरी गुणगुणली असती, तर कदाचित राहिली असती.

वाचकहो, मूल खेळतं तेव्हा ते वेळ वाया घालवतं, असं आपण सहज म्हणून जातो. पण घरातलं जे आपण मोठी माणसं दुःखापोटी टाकून देतो, ते पुष्कळदा मुलंच खेळात उचलून धरतात. त्यांच्या हातून ते हिसकावू नका. अक्षरं उद्याही शिकवता येतील. त्यांच्या शेजारी जाऊन बसायचं, ते मात्र आजच.