सव्वा किलो शेंदूर

परंड्याहून सोनारीकडं जाताना एक कच्ची वाट फुटते. तिथं बांधावर म्हसोबा आहे, आणि त्याला शेंदूर लावायचा मान व्यंकटच्या घरचा. बाप होता तोवर बापानं लावला, आता व्यंकट लावतो. दर रविवारी मेंढरं बाहेर काढायच्या आधी तो पितळी वाटीत शेंदूर घ्यायचा, तेल घालायचा आणि बोटांनी मळत बसायचा. चार वर्षांची ज्ञानेश्वरी त्याच्या मांडीवर बसून त्याच वाटीत हात घालायची. बापलेकीचा हा लाडका खेळ. बोटं चाटली म्हणून तिला कुणी कधी रागावलं नाही. देवाचंच तर होतं!

पण पोरीची छाती काही धड राहीना. वर्षात चार वेळा न्यूमोनिया! दवाखान्यातून सुटून महिना होतोय न होतोय तोच पुन्हा श्वासाला बरगड्या आत ओढायच्या. शेजारची पोरं पावसात भिजून, नाक पुसत हुंदडायची, त्यांना काही नाही. हिला नुसता वारा लागायची खोटी. व्यंकटला हे कोडं उलगडेना. खोकला सुरू झाला की तो म्हसोबाच्या अंगावरचा शेंदूर खरवडून आणायचा, तेलात कालवून पोरीच्या छातीला चोळायचा, चिमूटभर जिभेवर ठेवायचा, आणि मग मोटारसायकलवरून दवाखाना गाठायचा. दोन्हीकडून बंदोबस्त केल्याचं तेवढंच समाधान.

चौथ्या वेळी परंड्याच्या सोनाली डॉक्टरांनी रक्त पुण्याला पाठवलं. रिपोर्ट आला तसं त्यांनी व्यंकटला आणि त्याच्या बायकोला, दैवशालाला, समोर बसवलं.

"हिच्या रक्तात शिसं आहे. खूप आहे. शिसं अंगात साचलं की लेकराची रोगाशी झगडायची ताकद कमी होऊ शकते. छाती सारखी भरते, त्याला हेही एक कारण असेल. घरात जुन्या बॅटऱ्या फोडता का?"

"न्हाय ओ, बाई."

"घराला रंग कोणता दिलाय?"

"मातीचं घर हाय आमचं. रंग कुठला?"

"भांडी कल्हईची?"

"जर्मनची हायती समदी."

व्यंकट पार चक्रावला. शिसं त्याला माहीत होतं ते मासे धरायच्या जाळ्याला लावतात तेवढंच. ते पोरीच्या रक्तात शिरलंच कसं? बाहेर आल्यावर त्यानं बायकोला विचारलं, "तुझ्या माहेरात कुणी जाळं विणतंय का?" दैवशालानं त्याच्याकडं असं काही बघितलं की बिचाऱ्यानं गाडीला किक मारली.

कारण सापडेना, म्हणून थोडे दिवस जागा बदलून बघायचं ठरलं. दैवशाला पोरीला घेऊन तेरला, भावाकडं गेली. इकडं व्यंकटला घर खायला उठलं. त्यानं म्हसोबापुढं डोकं टेकलं आणि नवस बोलला, "माझी पोर बरी कर देवा. सव्वा किलो शेंदूर लावीन तुला."

आणि काय सांगावं! तीन महिन्यांत पोर टुणटुणीत. एकदाही खोकली नाही. पुन्हा रक्त तपासलं, तर शिसं बरंच उतरलेलं. देव पावला, देव पावला म्हणत व्यंकटनं मायलेकींना घरी आणलं आणि नवसाची पिशवी आणून फळीवर ठेवली. पहिल्याच रविवारी ज्ञानेश्वरी पळत येऊन मांडीवर बसली.

मंगळवारी तिला दाखवायला नेली. डॉक्टरांनी तिचा हात धरला तो सोडेचनात. नखांच्या कडा केशरी होत्या.

"हे काय आहे?"

"म्हसोबाचा शेंदूर हाय, बाई," व्यंकट अभिमानानं म्हणाला. "तिचा हात लागल्याबिगर आमी मळतच न्हाय. आजारी पडली की चाटवतो बी."

डॉक्टरांनी तिची बोटं कापसानं पुसून घेतली. मग हळूच म्हणाल्या, "व्यंकटराव, बाजारात मिळणारा शेंदूर पुष्कळदा शिशापासूनच केलेला असतो."

व्यंकटनं स्वतःच्या बोटांकडं बघितलं. चाटवलं कुणी? यानंच. याच बोटांनी! वाटेत त्यानं गाडी थांबवली, बाभळीखाली बसला आणि ढसाढसा रडला. पण रडून तरी डोकं ठिकाणावर यावं की नाही? पोर बरी झाली ती देवानं केली म्हणून, की देवाच्या शेंदरापासून लांब राहिली म्हणून? मग नवस फेडायचा कुणाचा?

"नवस न्हाय फेडला तर देव कोपंल," दैवशाला घरी म्हणाली, "आन फेडला तर पोर आजारी पडंल. म्या कुणाला भिऊ, तुमीच सांगा." त्याला तरी कुठं माहीत होतं! त्यानं पिशवी उचलली आणि दुकानदाराला परत देऊन आला.

रविवारी तो एकटाच, नुसतं तेल घेऊन म्हसोबाकडं गेला. "देवा, बोललो व्हतो ते खरं हाय," तो म्हणाला. "पर मला काय बी कळंना. रागवायचं तर माझ्यावर रागव, तिच्याकडं बघू नको." त्यानं दगडाला सगळीकडून तेल चोळलं. बापाच्या, आज्याच्या वेळची शेंदराची पुटं होती त्यावर. तेल लागताच पाझरली, आणि घरी येईस्तोवर त्याचे हात मनगटापर्यंत केशरी झाले होते.

ज्ञानेश्वरी अंगणातून पळत आली. पळता पळता खोकली. एकदाच.

व्यंकट जागीच थिजला. धुळीनं खोकली? की देव रागावला? की आणखी शिसं? दवाखान्यात पळावं की माघारी बांधावर? तोवर पोर पायांशी येऊन पोचली. त्यानं दोन्ही हात वर धरले आणि ओरडला, "दैवशाला, पाणी आण! साबण आण!"

दैवशाला तांब्यानं पाणी घालत राहिली. तो घासत राहिला. खालचं पाणी केशरीच वाहत होतं.

"बाबा, घे की," पोरीनं हात पसरले.

"थांब माय," तो म्हणाला. "आजून निघालं न्हाय."