कुलपातला बंब

मी एक जुना आगीचा बंब आहे, मित्रांनो. आता शाळेच्या आवारात निंबाखाली उभा असतो आणि तुमच्यापैकी निम्मे माझ्या दांड्यावर बसून झोके घेतात. खुशाल घ्या. दांडा हलता राहतो, याचे मला किती समाधान वाटते ते तुम्हाला ठाऊक नाही. एकदा तो हलला नव्हता, तेव्हाची गोष्ट सांगतो.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. मला इंजिन नाही. पाण्याची लोखंडी पेटी, चामड्याचे वायसर बसवलेला पंप, चार चाके, नळी आणि एक लांब दांडा, एवढाच माझा संसार. दोन्ही बाजूंनी माणसांनी दांडा खाली-वर केला की पाण्याची धार घराच्या आढ्यावर जाते. महाराष्ट्र राज्य झाले त्या वर्षी मी आगगाडीने खामगावला उतरलो आणि तिथून बैलगाडीने पिंपळगाव राजाला आलो. इथल्या एका जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे, मालक भगवानराव यांनी मला गावासाठी आणले होते.

दसऱ्याला चावडीपुढे समारंभ झाला. भगवानराव म्हणाले, "माही जिनिंग तुमच्या कापसावर अन् तुमच्या मेहनतीवर चालते. आग लागली तं हा बंब पहिले गावाचा, मंग माहा." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी अगदी भारावून गेलो. माझ्या पोटावर पिवळ्या अक्षरांत 'गावाच्या सेवेसाठी' असे लिहिले होते. खाली मालकांचे नाव होते, ते जरा मोठे होते.

त्याच संध्याकाळी मला जिनिंगच्या आवारात नेऊन एका खोलीत ठेवले आणि बाहेरून कुलूप लावले. चौकात ठेवला तर पितळी तोटी कोणी काढून नेईल, असे मालकांचे म्हणणे पडले. पुढे दर दसऱ्याला मला बाहेर काढत, जुन्या रंगावर नवा लाल रंग चढवत आणि झेंडूचा हार घालत. मोठे पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत. मी नवरदेवासारखा नटत होतो, वरात काही निघत नव्हती. एका वर्षी मुनीम नारायणराव म्हणाले, "मालक, एकदा पाणी सोडून बघू या का?"

"रंग वला हाय ना, नारायणराव. खराब व्हईन."

तो विषय तिथेच संपला.

मग तो चैत्र आला. दुपारचे ऊन आणि त्यात वारा सुटलेला. जिनिंगजवळच्या मजुरांच्या गल्लीत, अगदी तोंडाशी, कडब्याची गंजी पेटली. घरांच्या मागचे बोराटीचे काटेरी कुंपणही धडधडू लागले, त्यामुळे कोणत्याच बाजूने वाट राहिली नाही. आवारात कापूस निवडणारी तानुबाई हातातले काम टाकून माझ्या खोलीपाशी धावत आली. तिचे घर गल्लीच्या शेवटी होते. घरात तिची तान्ही शालू होती आणि शालूला सांभाळणारी तिची म्हातारी सासू झुंबरबाई.

"नारायणराव, बंब काढा. माही शालू अंदर हाय."

किल्ली नारायणरावांच्या हातात होती. पण ते मालकांकडे पाहत राहिले आणि मालक कापसाच्या ढिगाकडे.

"वारा इकडं फिरला तं सारा हंगाम जाईन," भगवानराव म्हणाले. "बंब इथंच पाह्यजे."

तानुबाई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "मालक, त्याच्यावर काय लिवलं हाय, मले वाचता येत नाही. पण चावडीपुढं तुमी बोल्ले ते म्या आयकलं व्हतं."

भगवानरावांनी कापसाच्या ढिगाकडे पाठ फिरवली. मग खाली पाहत म्हणाले, "खोला."

माणसांनी मला ओढत गल्लीच्या तोंडाशी नेले, पेटीत पाणी भरले, दांडा धरला, आणि दांडा जागचा हलेना. वर्षानुवर्षांचा रंग सांध्यांत घट्ट बसला होता. भगवानरावांनी स्वतः हातोडा घेतला आणि ते माझ्या सांध्यांवर घाव घालू लागले. लाल पापुद्रे उडत होते. आतून झुंबरबाईचा आवाज येत होता, "तानू, पोरगी माह्यापाशी हाय. तानू, पोरगी माह्यापाशी हाय."

अखेर दांडा हलला, पण नळीतून फक्त वारा आला. माझ्या पंपातले चामडे वाळून पापडासारखे झाले होते, ते पाणी ओढेना. नारायणराव पंपात बादलीमागून बादली ओतू लागले. चामडे भिजून फुगेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. मित्रांनो, तेवढा वेळ मला कधी विसरता येणार नाही. त्याच वेळात झुंबरबाईचा आवाज थांबला.

मग धार आली. भगवानराव घामाघूम होऊन दांडा मारत होते. वाट थोडी मोकळी होताच तानुबाई ओले पोते पांघरून धारेमागोमाग आत शिरली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ओल्या गोधडीत गुंडाळलेली शालू रडत होती. झुंबरबाईने घरातले सगळे पाणी त्या गोधडीवर ओतले होते. स्वतःसाठी तिने काहीच ठेवले नव्हते. धूर तिच्या छातीत भरला आणि ती गेली.

पुढच्या दसऱ्याला मालकांनी रंगारी बोलावला. तानुबाई शालूला कडेवर घेऊन आली. "रंग नका देऊ, मालक," ती म्हणाली. "पाणी द्या." भगवानरावांनी रंगाऱ्याला परत पाठवले. त्या दिवसापासून मी चौकात, कुलपाशिवाय राहिलो. दर बाजाराच्या दिवशी माझ्यातून पाणी काढत, आणि पुष्कळदा दांड्याला हात भगवानरावांचाच असे. माझी पितळी तोटी कोणीही नेली नाही.

आता मोटारीचा बंब आला आहे, म्हणून मला इथे आणले. माझे मागणे एवढेच आहे की कोणी तुमच्यासाठी काही आणले तर त्याचे आभार माना. पण ते चालते का, हेही बघत जा.

यंदा शालूचे नाव पहिलीत घातले. त्याच दिवशी एका तेलाच्या गिरणीने शाळेला पाण्याची टाकी दिली. हार घालून झाला, भाषण झाले, सगळे टाळ्या वाजवू लागले. तानुबाई मात्र उठून टाकीजवळ गेली आणि तिने तोटी फिरवली. पाणी आले. तिने शालूला ओंजळभर पाजले आणि मग पदराला हात पुसून टाळी वाजवली.