एका इंचानं उणा

मित्रांनो, मी एक बारका कीबोर्ड आहे. जुना म्हणावा इतकं माझं वय नाही, जेमतेम दीड वर्षाचा असेन. पण शिलाई मशीनखालच्या टोपलीत, उरलेल्या अस्तरांच्या तुकड्यांत पडून राहिलं की वय आपोआप वाढतं. सध्या माझा मुक्काम तिथंच आहे, जुळे सोलापुरातल्या एका दोन खोल्यांच्या घरात.

मला कुणी आपटलं नाही, माझ्यावर कुणी चहा सांडला नाही. माझं एकूण एक बटण शाबूत आहे. आत्मवृत्त सांगणारे बहुधा आपले हाल सांगतात. माझे तसे काही हाल झाले नाहीत हो, माझ्यामुळं दुसऱ्याचे झाले. तेच सांगायचं आहे, आणि सांगताना मला लाज वाटते.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात विशेष काही नाही, आमच्यातल्या सगळ्यांचा तिथंच होतो. मला जग कळलं ते नवी पेठेतल्या एका दुकानात. तिथं आम्ही तिघं भाऊ एका फळीवर होतो. थोरला ऐसपैस, उजव्या अंगाला आकड्यांची वेगळी बटणं असलेला. मधल्याला तो आकड्यांचा भाग नव्हता, पण अक्षरांची बटणं थोरल्याच्याच मापाची. आणि धाकटा मी. माझ्यात अक्षरं सगळी होती, पण दाटीवाटीनं, लग्नाच्या पंगतीत उशिरा आलेल्यांना बसवतात तशी. आणि खरं सांगू? मला त्याचा तोरा होता. हातात घेतलं की लोक म्हणायचे, "किती सुटसुटीत आहे!"

एका सकाळी रंभाबाई आणि त्यांची लेक पूनम दुकानात आल्या. रंभाबाई मूळच्या वळसंगच्या. पूनमचे वडील तिथं शेत बघतात, आणि या दोघी लेकीच्या शिक्षणासाठी शहरात येऊन राहिलेल्या. रंभाबाई ब्लाऊज शिवतात. त्यांच्या गळ्यात मापाची टेप इतकी कायमची असते की बाजारात येतानासुद्धा काढायची राहून जाते. पूनमनं सरकारी कारकुनाच्या जागेची लेखी परीक्षा पास केली होती. आता टायपिंगची चाचणी तेवढी उरली होती. मिनिटाला तीस मराठी शब्द, आणि हातात अडीच महिने.

टायपिंगचा कोर्स तिनं तीन वर्षांपूर्वीच केला होता, पण तो क्लास गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, रोज दोन रिक्षा बदलून जायचं. म्हणून ठरलं, कीबोर्ड घ्यायचा, मोबाईलला जोडायचा आणि घरी सराव करायचा. टेबल घरात नव्हतं. शिलाई मशीनच्या डाव्या अंगाला फळीची थोडी रिकामी जागा होती, तीच पूनमची जागा.

दुकानदारानं आम्हा तिघांना काचेवर मांडलं. रंभाबाईंनी गळ्यातली टेप काढली.

"आमची जागा बारा इंच हाय. ह्यो सतरा, गेला. ह्यो चौदा. आन् ह्यो..." टेप माझ्या अंगावरून सरकली. "अकरा! बसला बग."

"आई, मधला घेऊ या का?" पूनम म्हणाली. "क्लासमध्ये असाच होता, मोठ्या बटणांचा."

"दोन इंच भाईर येतोय की गं त्यो. एखादीचं लग्नातलं कापड त्येच्या कोपऱ्यात अडकून फाटलं, मग? गिऱ्हाईकाला काय सांगू मी?"

"घ्या मावशी," दुकानदार म्हणाला. "बटणं तीच, अक्षरं तीच. आटोपशीर आहे एवढंच."

पूनमनं एका बोटानं माझं एक बटण दाबलं, मग दुसरं. "आवाज छान आहे याचा," ती हसून म्हणाली. दहाची दहा बोटं तिनं माझ्यावर एकदाही ठेवून पाहिली नाहीत. तिनं पाहिली नाहीत, आईनं सांगितलं नाही, आणि दुकानदाराला तर घाईच होती.

आता रंभाबाईंची ख्याती ऐका. मापाशिवाय त्या कापडाला कात्री लावत नाहीत. दहा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक आलं आणि "माप तेच आहे हो" म्हणालं, तरी ऐकत नाहीत. "अंग काय कागदावर लिवल्यालं असतंय व्हय? हात वर करा," म्हणून पुन्हा टेप लावतात. अशी ही मापाची पक्की बाई. तिनं फळी मोजली, मला मोजलं, आणि माझ्यावर ज्यांनी चालायचं ती लेकीची बोटं तेवढी मोजायची राहून गेली.

मी काचेवर निपचित पडून होतो. ओरडावंसं वाटत होतं, "अगं बाई, मधला घे! दोन इंच फळी वाढव, पण मधला घे!" माझ्या अंगावर सगळी अक्षरं आहेत, मित्रांनो, पण स्वतःच्या मनातलं एक वाक्य मला उमटवता येत नाही. पिशवीत घातलं, निघालो.

ते अडीच महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. दुपारी जेवणं आटोपली की रंभाबाई हातशिलाई घेऊन खाली बसायच्या आणि पूनम मशीनपाशी. रिळांच्या डब्याला मोबाईल टेकवायची, मला फळीवर ठेवायची आणि सुरू व्हायची. पहिले आठ दिवस तिची बोटं एकमेकांत अडकली. मग तिनं कोपरं आत घेतली, बोटं आखडली, आणि जमलं! पंचवीस शब्द झाले, तीस झाले, एके दिवशी अडतीस.

"आई, अडतीस! नोकरी लागली ना, की हे मशीन मी माळ्यावर टाकणार."

"टाक की. पर आदी ही चार ब्लाऊजं तरी हू दे!"

दोघी खळखळून हसल्या. ती खूश होती आणि मला कळत होतं की तिचा हात माझ्या मापाचा होत चालला आहे. माझ्या दाटीत चालायला शिकलेली बोटं मोकळ्या जागेत काय करतील, या विचारानं मी आतून गोठायचो. पण तिनं बटण दाबलं की अक्षर उमटवायचं, एवढंच माझ्या हाती. मी इमानानं उमटवत राहिलो. त्या इमानाचाच आता राग येतो.

चाचणीला दहा दिवस राहिले तेव्हा क्लासच्या बसवराज सरांचा फोन आला. पूनमनं तो मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"पूनम, घरी कशावर करतेस?"

"लहान कीबोर्ड आहे सर. अडतीस येतोय."

"अडतीस येऊ दे की चाळीस. तिथं मोठे असणार. शेवटचा आठवडा तरी क्लासला ये. मोठ्यावर हात बसव, मी पीसी मोकळा ठेवतो."

"हो सर, सोमवारपासून येते."

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! पण सोमवार उजाडला तो लग्नसराई घेऊन. एकाच घरची चौदा ब्लाऊजं आली, आणि हळद शुक्रवारी. रंभाबाई म्हणाल्या, "तू जा क्लासला, मी बगती." म्हणाल्या खऱ्या, पण सुईत दोरा ओवताना तीनदा चुकल्या. पूनमनं ते पाहिलं, पर्स खुंटीला परत अडकवली आणि हुक लावायला बसली. "उद्यापासून जाते." मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच. आईनं पुन्हा 'जा' म्हटलं नाही आणि लेकीनं पुन्हा पर्स काढली नाही. दोघींपैकी चूक कुणाची, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. चौदाही ब्लाऊजं वेळेवर गेली आणि एकही परत आलं नाही.

शनिवारी, चाचणीच्या दिवशी, पूनमनं मला पिशवीत बरोबर घेतलं. केंद्रावर दारात तिनं मला बाहेर काढून तिथल्या अधिकाऱ्याला विचारलं, "सर, माझा कीबोर्ड जोडून दिला तर चालेल का?"

"नियमात नाही बसत, ताई. पिशवी बाहेर ठेवा."

झालं. व्हरांड्यात वीस-पंचवीस पिशव्यांच्या ओळीत मी बसलो. बाजूला तिचा डबा, डोक्यावर खिडकी. आत घंटा वाजली आणि पंचवीस थोरले एकदम बोलू लागले, टकटक, टकटक, नुसता पाऊस! त्यात पूनमचा आवाज मी ओळखला. का नाही ओळखणार? अडीच महिने तो माझ्याच अंगावर वाजला होता. चार ठोके पडायचे आणि थांबायचे. मग खोडायच्या बटणाचा आवाज, एक, दोन, तीन, चार. पुन्हा चार ठोके, पुन्हा खोडणं. तिची बोटं माझी बटणं शोधत होती. ती जिथं पडत होती तिथं मी असतो तर अक्षर बरोबर उमटलं असतं. पण मी बाहेर होतो, डब्याला टेकून. दहा मिनिटं मी ते ऐकलं. देवा, दहा मिनिटं किती लांब असतात!

बाहेर आल्यावर ती रडली नाही. पिशवी उचलली आणि रिक्षात बसली. घरी आल्यावर म्हणाली, "एकवीस आले आई," आणि मग मात्र मशीनवर डोकं टेकून रडली, अगदी लहान पोरीसारखी.

पाचव्या दिवशी रंभाबाई एकट्याच नवी पेठेत गेल्या आणि माझ्या मधल्या भावाला घेऊन आल्या. पूनम घरात नव्हती. त्यांनी आम्हा दोघांना पलंगावर शेजारी ठेवलं, गळ्यातली टेप काढली आणि अक्षरांच्या वरच्या ओळीला लावली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. त्याची भरली साडेसात इंच, माझी साडेसहा. पुन्हा लावली, पुन्हा तेच आलं.

"येक इंच," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

तेवढ्यात पूनम आली. आईचं तोंड बघून काय ते समजली.

"जाऊ दे आई."

"काय जाऊ दे? येक इंच कमी झाला तर गिऱ्हाईकाला ब्लाऊज उसवून परत शिवून देती मी. ह्ये कसं उसवू गं? तुझी बोटं कशी उसवू?"

पूनमनं आईच्या हातातून टेप घेतली आणि गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी गल्लीतला धनाजी सुतार आला. मशीनच्या फळीला त्यानं तीन इंची पट्टी ठोकून दिली, कडा घासून गुळगुळीत केल्या, कापड अडकू नये म्हणून कोपरेही गोल केले. अर्ध्या तासाचं काम. रंभाबाई जवळ उभ्या राहून बघत होत्या. "येवढंच हुतं व्हय," एवढंच त्या म्हणाल्या.

आता त्या फळीवर मधला असतो आणि खाली टोपलीत मी. पुढच्या भरतीची जाहिरात कधी निघेल ते कुणीच सांगत नाही, तरी पूनम रोज दुपारी सराव करते. हल्ली अठ्ठावीसपर्यंत येते. पण वेग वाढला की मध्येच थांबते, आणि खोडायचं बटण वाजतं. ते वाजलं की मला कळतं, बोट पुन्हा माझ्या मापानं पडलं. मी टोपलीत गेलो, पण तिच्या हातातून अजून गेलो नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याला आणायला जाल तेव्हा घरातलं टेबल, कप्पा, पिशवी हे सगळं जरूर मोजा, पण नंतर. आधी दुकानातच दहाही बोटं पसरून ठेवा. कोपरं आखडतात का बघा. उद्या ज्याच्यावर काम करायचं आहे, त्याच्याच मापाचा घरी आणा. आणि जागा पुरत नसेल तर सुताराला बोलवा, बाबांनो. लाकूड वाढवता येतं.

परवा रेश्मा नावाच्या गिऱ्हाईक बाई आल्या होत्या. अस्तर निवडताना त्यांना टोपलीत मी दिसलो. "अय्या, किती छान! पडूनच आहे तर आमच्या मुलीला द्या की. अकरा वर्षांची आहे."

पूनमनं आईकडे पाहिलं. रंभाबाईंनी मला टोपलीतून उचललं, पदरानं पुसलं, आणि पुन्हा आत ठेवलं.

"आदी पोरीला घिऊन या. तिचा हात ठिवून बगू. मापाबिगर आता ह्या घरातनं काय बी भाईर जायचं न्हाय."

रविवारी ती मुलगी येणार आहे. तिची बोटं लहान असतील, कदाचित मी तिला नेमका बसेनही. तसं झालं तर जन्माचं सार्थक होईल. पण नसेन बसत, तर हात जोडून सांगतो, जोडायला हात नाहीत तरी सांगतो, की या वेळी कुणीतरी मला तोंडावर 'नको' म्हणा.