हाताला कळणारी डाळिंबं

“दरवर्षी स्टूल मी धरायचं आणि डाळिंबं मात्र ह्यांची,” सासूबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. “माझ्या गुडघ्यांचं कुणाला काय?”

“ऐकू येतंय बरं,” स्टुलावरून आवाज आला.

“ऐकू यावं म्हणूनच बोलले.”

सुनेने हसत टोपली पुढे सरकवली. परसातल्या एकुलत्या एका झाडाने यंदा फांद्या वाकतील इतकं फळ धरलं होतं. सासरे फळ ओंजळीत घेऊन फिरवायचे. गोल लागलं की कच्चं म्हणून सोडून द्यायचे. कडा लागल्या, तर नखाने टिचकी मारून कान द्यायचे आणि मगच कात्रीने देठ कापायचे.

“काका, तुम्ही तर डोळे मिटूनसुद्धा तोडाल!” कुंपणापलीकडून इस्त्रीवाले म्हणाले.

सासरे खूश झाले. सासूबाईंनी स्टूल आणखी घट्ट धरलं.

पुढचं फळ टोपलीत आलं. टपोरं, कडा आलेलं, आणि एका अंगाला तळहाताएवढा काळा चट्टा. कापताना तो बरोबर सासऱ्यांच्या तोंडासमोर होता. सुनेने वर पाहिलं. तेवढ्यात सासूबाईंनी फळ उचलून मागच्या बादलीत टाकलं, स्वयंपाक करता करता साल टाकावी इतक्या सहज. बादलीत तसली सहा-सात आधीच पडलेली होती.

“आई,” सून हळूच म्हणाली.

“यंदा डाग फार पडलेत,” सासूबाई म्हणाल्या आणि टोपलीत वाकल्या.

गेल्या महिन्यात सासरे चालवायचे त्या शाळेच्या व्हॅनचा डावा आरसा तुटला होता. ‘खांबाला काही अक्कल?’ असं सासरे म्हणाले होते आणि सगळं घर हसलं होतं. सूनही हसली होती. अकरा मुलं त्या व्हॅनने जायची. त्यात तिची लेक.

लेक दप्तर पाठीला लावून दारात आली.

“आजोबा, चला! पुढे मीच बसणार.”

“नेहमी तूच का गं पुढे?” आवाज साधा ठेवायला सुनेला वेळ लागला.

“मला दिवे सांगायचे असतात ना. लाल झाला की ‘लाल’ म्हणायचं. आजीने शिकवलाय खेळ.” मग ती जरा ओशाळली. “परवा मी विसरले, तर एक बाई केवढ्यांदा ओरडल्या.”

झाडात कात्री एकदा उघडली आणि नुसतीच मिटली.

सासरे पायाने जमीन चाचपत उतरले. “चला, उशीर होतोय. किल्ली कुठंय?”

किल्ली कठड्यावर होती, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, भर उन्हात. रोज सासूबाई ती त्यांच्या तळहातावर ठेवायच्या. इतकी वर्षं झाली तरी लाड संपत नाहीत, असं सुनेला वाटायचं. आत्ताही सासूबाईंचा हात निघाला. सुनेने त्यांचं मनगट धरलं. जोरात नाही.

“अगं, किल्ली दे ना.”

सासऱ्यांची बोटं कठड्यावरून सरकत गेली, किल्लीच्या अलीकडे थांबली, परत फिरली.

“आजोबा, ती काय—”

सुनेने लेकीला पोटाशी ओढून घेतलं.

सासूबाईंनी मनगट सोडवून घेतलं नाही.

“तुम्हाला दिसत नाही हो,” त्या म्हणाल्या. “आणि मला ते कधीचं माहीत आहे.”