सर्जेरावामागची घरं

या सोयरिकीत सर्जेरावाला मिळणार काय होतं, ते आधी मांडून घेऊ. पोरगी अंथुर्ण्याची, म्हणजे कालव्याच्या भिजत्या अंगाची. तिचा बाप गेणबा आठ एकर उसाचा धनी. ऊस म्हटला की वाढं आलं, आणि वाढं म्हणजे भर उन्हाळ्यात बैलांच्या तोंडाला हिरवं. दिवाळीला गुळाची ढेप. पावसानं पाठ फिरवली तर जनावरं नेऊन बांधायला हक्काचं दार. शिवाय मोरगावच्या बाजारात 'आमचे अंथुर्ण्याचे पाव्हणे' असं चारचौघांत म्हणायला मिळणार होतं, आणि सर्जेरावाला त्याची गोडी गुळापेक्षा जास्त होती. पोरीचं नाव कौसल्या, कामाला चांगली, असं कानावर होतं. ती या यादीत शेवटी आली, कारण सर्जेरावाच्या मनातही ती शेवटीच आली.

बदल्यात द्यायचं काय? तर एक दिवस घर भरलेलं दाखवायचं.

सर्जेरावाचं गाव मोरगाव आणि सुप्याच्या मधल्या माळावर. ज्वारी, बाजरी आणि शेळ्या. विहीर होती, पण पौष सरला की तिच्यात पाण्यापेक्षा पारवेच जास्त. बैलजोडी एक, तीही उतरलेली. ज्याच्यासाठी ही सोयरीक, तो थोरला पोरगा झुंबर पौष ते चैत्र कालव्याच्या अंगाला गुऱ्हाळावर राबायचा, तेव्हा कुठं पुढच्या सुगीपर्यंत चूल पेटती राहायची. अशा घरात बागायतदार पोरगी देत नसतो. म्हणून त्या दिवशी शेजारच्या भिमाची तरणी जोडी सर्जेरावाच्या दावणीला आली. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. भिमाच्या बहिणीच्या वेळी सर्जेरावाची गाय अशीच भिमाच्या दारी उभी राहिली होती. त्या गावातली जनावरं एकमेकांच्या सोयरिकीला माणसांपेक्षा जास्त वेळा हजर राहिलेली.

सन पंचावन्नचा कार्तिक. सकाळच्या एसटीनं गेणबा आपल्या दोन भावकीतल्या माणसांना घेऊन आला. त्यांच्या मागोमाग एक चौथा माणूस उतरला. चष्मा, पायजमा, काखेत कागदांचं बाड. हे आठल्ये. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं जिरायती आणि बागायती गावं ताडून बघायला त्यांना पाठवलं होतं. अंथुर्ण्यात गेणबाच्याच पुढच्या सोप्यात त्यांनी बिऱ्हाड केलेलं. आज ते माळावरच्या गावाला निघाले होते, आणि त्यांच्या यादीत इथलं जे घर निघालं ते नेमकं सर्जेरावाचं होतं.

आठल्ये म्हणाले की घरात पाहुणे आहेत, तर मी उद्या येतो. सर्जेरावाच्या जिवात जीव आला. तेवढ्यात गेणबानं पान चघळत मान हलवली.

"उद्या कशाला? इचारा की आमच्या म्होरंच. आमी काय परकं हाय?"

गेणबा बेरका. जे व्याह्याला विचारता येत नाही, ते साहेबाच्या तोंडून फुकट विचारून निघणार होतं. आठल्येही बसले. चारचौघांसमोर माणूस खोटं बोलायला धजत नाही, असं त्यांना पुण्यात शिकवलं होतं. सर्जेराव खोटं बोलायचा तो चारचौघांतच. एकट्यात त्याला त्याची गरज पडत नसे.

मग प्रश्न सुरू झाले. जोड्या किती? दोन, दावणीला दिसतायत त्या. विहिरीला पाणी? बारमाही, त्यावर कांदा आणि जनावरांना घास. घरची ज्वारी किती महिने पुरते? वर्ष निघून चार पोती उरतात. एकेक उत्तर देताना सर्जेराव साहेबाकडं तोंड करायचा आणि नजर गेणबाकडं ठेवायचा. आत चुलीपाशी बसलेली त्याची बायको धोंडाबाई ऐकत होती. बारमाही पाण्याचं ऐकून तिनं चहाचं भांडं जरा जोरानंच खाली ठेवलं, कारण दरवर्षी माघ लागला की ती मैलभरावरच्या ओढ्यात झरा उकरून वाटीनं घागर भरायची.

"घरातलं कुणी बाहेर मजुरीला जातं?" आठल्यांनी विचारलं.

झुंबर दाराशी उभा होता. त्यानं मुंडी खाली घातली.

"आमच्यात न्हाय तशी रीत," सर्जेराव म्हणाला.

गेणबानं भावकीकडं बघितलं, भावकीनं गेणबाकडं. ताटं पुसून होईस्तोवर सोयरीक ठरली. वैशाखात बार उडवायचा. संध्याकाळी भिमा जोडी सोडून न्यायला आला, तेव्हा सर्जेरावानं त्याला सुपारी दिली आणि म्हणाला, तुझ्या बैलांनी आज सोनं केलं.

पौषात आठल्ये पुन्हा आले, या खेपेला एकटे. सर्जेराव बांधावर बसला होता. झुंबर घरात नव्हता. अंथुर्ण्याच्या बाजूला गुऱ्हाळावर जाण्याची सोय आता उरली नव्हती, म्हणून तो लांब फलटणच्या अंगाला गेला होता. गावात 'मामाकडं गेलाय' असं सांगितलेलं. तिकडं मजुरी कमी पडायची आणि वाटखर्च जास्त. एका खोट्याचा हप्ता सुरू झाला होता.

आठल्यांनी सहज दुसऱ्या जोडीची चौकशी केली. चरायला गेलीय, असं उत्तर मिळालं. ते काही बोलले नाहीत. माणूस भला होता, आणि भल्या माणसाचं गप्प बसणं सर्जेरावाला झेपत नसे. त्यानं आपणच विषय काढला. एवढ्या मोठ्या मुलखात माझंच घर कसं काय निघालं?

आठल्यांनी सांगितलं. या जिरायत पट्ट्यात घरं हजारोंनी. प्रत्येक दारी जायचं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, थोडी घरं उचलली.

"तुमच्या एका घरामागं सव्वाशे घरं उभी आहेत, असं धरायचं. तुम्ही सांगाल तेच त्यांचंही."

सर्जेराव बराच वेळ मातीचं ढेकूळ बोटांनी फोडत राहिला.

"त्यास्नी ठावं हाय का ह्ये?"

"नाही."

"मग त्यास्नी न इचारता माझ्या मागं हुभं केलं कुनी?"

"गणितानं," आठल्ये हसले. मग हसू आवरून म्हणाले की मी देणारा-घेणारा कुणी नव्हे, मी नुसता लिहिणारा. पण विहिरींना तगाई, म्हणजे सरकारी कर्ज कुठं द्यायचं, शेतांना बांध-ताली कुठं घालायच्या, हे ठरवायला वरची माणसं बसतील तेव्हा त्यांच्यापुढं हाच कागद असेल. आणि उठताना, छत्री उघडता उघडता त्यांनी एवढंच जोडलं: "काही दुरुस्त करायचं असलं तर फाल्गुनापर्यंत सांगा. माझ्या मनानं मला खोडता येत नाही. तुम्ही सांगितलंत तरच."

सर्जेरावानं आजवर एकाच घराचा भार वाहिला होता, आणि तोही कुरकुरत. आता मागं सव्वाशे. पुढच्या आठवड्यात तो मोरगावच्या बाजाराला गेला तर त्याला माणसं दिसेनात, घरंच दिसायला लागली. वैरण संपली म्हणून गाभण शेळी विकणारा एक म्हातारा बसला होता. सर्जेरावाच्या मनात आलं, ह्याच्या दारी मी जोडी बांधलीय. पलीकडं एक बाई बाजरीचं माप घासाघीस करून अर्धं घेत होती. हिच्या घरात चार पोती शिल्लक, मीच लिहून दिलीत. कुणी त्याला ओळखत नव्हतं, हेच वाईट होतं. ओळखीच्या माणसाला बुडवलं तर तो निदान दारात येऊन शिव्या तरी देतो.

घरी येऊन त्यानं धोंडाबाईला सारं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"मग सांगा की खरं."

"आनि गेणबाच्या कानावर गेलं म्हंजी? सायेब त्याच्याच सोप्यात निजतोय."

धोंडाबाईनं विचार केला. सून तिलाही हवी होती. तिचे खांदे घागरीनं भरून आले होते. मग तिनं बाजारात करावा तसा सौदा केला.

"जोडीचं ऱ्हाऊ द्या. मजुरीचंबी ऱ्हाऊ द्या. हिरीचं तेवढं खरं सांगा. हीर आटली तर त्यात मानसाची काय लाज?"

सर्जेरावाला हे पटलं. सगळं खरं जड जातं, पण पावशेर खरं माणूस सांगू शकतो.

फाल्गुनात आठल्ये शेवटच्या खेपेला आले. सर्जेरावानं त्यांना मुद्दाम विहिरीवर नेलं. तळाला चिखल होता आणि चिखलात एक फुटकी बादली. साहेब वाकून बघत असताना सर्जेराव म्हणाला की त्या दिवशी बोलण्याच्या भरात बारमाही म्हटलं गेलं. पाणी पौषापर्यंतच. एवढी एक दुरुस्ती करा.

आठल्यांनी कागद गुडघ्यावर पसरला. "ठीक. पौषापर्यंत. मग कांदा आणि घास लिहिलाय, तो कशावर आला?"

"तो... न्हाय आला."

"घास नाही, तर दोन जोड्या काय खातात?"

सर्जेरावानं काठावरचा एक खडा उचलून चिखलात टाकला.

"कांद्याचे पैसे नाहीत, तर ज्वारीच विकावी लागणार. मग ती वर्षभर पुरून चार पोती उरतात कशी? आणि नाही उरत, तर पौष ते चैत्र घर कशावर चालतं?" आठल्यांचा आवाज चढला नव्हता. उलट, दुखऱ्या जागी हात लावणाऱ्या माणसासारखा तो हळू झाला होता. "सर्जेराव, हे विणलेलं असतं. एक धागा ओढलात की सगळं येतं. विहीर खरी लिहायची तर झुंबर कुठं आहे तेही लिहावं लागेल. सांगता? मी इथंच बसतो, घाई नाही."

ते खरोखरच बसले, काठाच्या दगडावर, छत्री बाजूला टेकून. सर्जेरावाच्या जिभेवर झुंबर आला, फलटण आलं, भिमाची जोडी आली. मग डोळ्यांपुढं अंथुर्ण्याचा सोपा आला, सोप्यात गेणबा आला, आणि गेणबाच्या मांडीवर हा कागद आला.

"कुनाला दावनार न्हाय न्हवं?"

"माझ्याकडून कुणाला कळणार नाही. शब्द देतो."

शब्द खरा होता, हे सर्जेरावालाही कळत होतं. पण शब्द पुण्याचा आणि सोपा गेणबाचा.

"ऱ्हाऊ द्या मग," तो म्हणाला. "हाय तसं ऱ्हाऊ द्या."

आठल्यांनी कागदाची घडी घातली. जाताना त्यांनी नमस्कार केला तो नेहमीसारखाच, कमी नाही, जास्त नाही.

वैशाखात लग्न लागलं. कौसल्या माळावर आली. मांडवपरतणीला व्याही-व्याही शेजारी बसले, तेव्हा गेणबा पोटभर जेवून खुलला होता. तो सर्जेरावाच्या कानाशी लागला.

"व्याही, ती तरनी जोडी तुमची न्हवती. सारा दिस शेजारच्या गोठ्याकडं त्वांड करून हुभी. घरचं जनावर दावनीकडं बघतंय."

सर्जेरावानं पिंक टाकायला तोंड वळवलं. गेणबा हसला, पाठीवर थाप मारली. म्हणाला, आमच्याकडं तरी काय निराळं? पाटाच्या पान्याची पट्टी वाढंल म्हणून मीबी सायबाला आठ एकराचं तीन सांगितलं. झुंबर कष्टाळू, व्यसन नाही, तेवढं बघून पोरगी दिली.

"म्हंजी खरं सांगितलं असतं तरी दिली असती?"

"छ्या," गेणबा गंभीर झाला. "भावकी बसलेली. त्यांच्या म्होरं तुमी म्हनला असता, पोरगा गुऱ्हाळावर जातोय, तर मला उठावंच लागलं असतं. ठावं असनं येगळं आनि बोलनं येगळं."

रात्री धोंडाबाईला सर्जेरावानं हे सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे खोटं त्याला कळलं, खरं त्याला ठावं होतं, आणि फसला तो एकटा कागद. सर्जेरावाला वाटलं, ही सहज बोलली, पण एवढं नेमकं आठल्येही बोलले नसते.

पुढल्या वर्षी भिमानं विहिरीच्या तगाईसाठी अर्ज केला. सर्जेराव त्याच्याबरोबर कचेरीत गेला होता. कारकून सज्जन होता, त्यानं समजावून सांगितलं. यंदा तगाई दुसऱ्या भागाला आहे. पाहणीत तुमचा पट्टा बरा निघालाय, पाणी आहे, बैल आहेत, कुणी बाहेर जात नाही. नड कालव्याच्या बाजूला दिसते, तिकडं घरागणिक जमीन फारच थोडी, म्हणून पाटपट्टी तूर्त वाढवायची नाही असं चाललंय.

भिमा म्हणाला, आसंल. साहेबांनी बघूनच लिहिलं असंल की. येताना वाटेत तो पावसाविषयी बोलत राहिला. त्याला कळलं होतं की नव्हतं, हे सर्जेरावाला शेवटपर्यंत उमगलं नाही, आणि विचारायची छाती झाली नाही.

आता हिशेब लावू. सर्जेरावाला व्याही मिळाला, वाढं मिळालं, बाजारात सांगायला अंथुर्णं मिळालं. गेणबाची पाटपट्टी वाचली. आठल्यांचा अहवाल पुरा झाला. लोकांनी सांगितलं तेवढंच त्यांनी त्यात लिहिलं, आणि त्यांना झोप कशी लागली ते पुण्यालाच ठाऊक. हे सगळे त्या दिवशी ओसरीवर बसलेले. किंमत भरली ती ओसरीवर नसलेल्यांनी. भिमाची विहीर गेली. माळावरच्या सव्वाशे घरांनी काय भरलं ते त्यांना अजून माहीत नाही. आणि जिच्या माहेरी दारापुढून कालवा वाहत होता ती कौसल्या माघ लागला की पहाटे सासूच्या मागोमाग ओढ्याला जाते आणि आपली पाळी येईतो झऱ्यापाशी बसून राहते.