भिंतीवरचा गुलाब

भिंतीवर नुकत्याच चिकटवलेल्या कागदाचा ओला कोपरा नस्तरनने नखाने उचलून पाहिला. आई गेल्याची बातमी होती. आईच्या फोटोच्या जागी गुलाबाचं चित्र, आणि खाली छापलं होतं : हाजी करबासी यांच्या पत्नी, इंजिनियर कामबीझ यांच्या मातोश्री.

"आणि नाव?" तिने भावाला विचारलं.

"बाईमाणसाचं नाव भिंतीवर लावायचं?" कामबीझने खळीचा ब्रश डब्यात बुडवला. "येणाऱ्याजाणाऱ्याने वाचायला? बाबांना चालायचं नाही."

"तिच्या पुस्तकांवर छापलंय रे, माहेरच्या आडनावासकट. लोक तिला त्याच नावाने ओळखतात."

"ते पुस्तकांत. हे घरचं आहे, ताई. आज तरी भांडू नकोस."

ती भांडली नाही. तबरीझहून आल्यापासून ती धड रडलीही नव्हती. उद्या मशिदीत जी माणसं येतील ती बाबांची आणि कामबीझची. आईचं कोण येणार?

दर गुरुवारी आई गल्लीच्या टोकाला वाचनालयात बायकांबरोबर कथा वाचायची. आज गुरुवारच. निदान त्यांना तरी कळायला हवं, म्हणून डोक्यावरून घेतलेली काळी चादर सावरत ती तिकडे निघाली. तिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं.

समोवारवर चहा मुरत होता. बायका गोलात बसल्या होत्या, मधली एक खुर्ची रिकामी.

"ये बाळ, बस. ती खुर्ची तेवढी सोड, बाईंची आहे," एशरत खानम म्हणाल्या. "कधी उशीर करत नाहीत हो. गल्लीत कुणाकडे तरी मयत झालंय, गर्दीत अडकल्या असतील."

"कुणा इंजिनियरची आई," दुसरी म्हणाली. "कागद वाचला, फातिहा म्हटला नि आले."

"मेली बिचारी, तरी नाव नाही ते नाहीच. आता बाई येऊ देत. आल्या आल्या विचारतील बघा, काय गं, या बाईला नाव नाही का?"

एशरत खानमनी आवाज हुबेहूब काढला. सगळ्या हसल्या. कथेत नुसती कुणाची बायको, कुणाची आई आली, की आई हेच विचारायची. लहानपणी नस्तरनला या प्रश्नाचा कंटाळा यायचा.

कुणीतरी रिकाम्या खुर्चीपुढे चहाचा पेला ठेवला, शेजारी साखरेचे दोन खडे.

"आहे ना," नस्तरन म्हणाली. बायका तिच्याकडे पाहत थांबल्या.

"महलका. महलका सोतूदे."